टूरवाल्या चित्राताई

“काका, ही माझी सीट आहे. टूर लीडरला पुढेच बसावं लागतं.”

“बसा की मग. दोघांची सीट आहे,” म्हातारा खिडकीकडे सरकत म्हणाला. “आणि काका म्हणू नका. तुमच्यापेक्षा फार तर आठ-नऊ वर्षांनी मोठा असेन. निमकर म्हणा.”

हनोईतल्या हॉटेलसमोर बस सुरू होऊन उभी होती. मागे मेलबर्नहून आलेली सगळी मराठी ज्येष्ठ मंडळी आपापल्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मानेच्या उशा लावण्यात गुंतली होती. लोकल गाइड तुआन दारात उभा राहून “रेडी, मॅडम चित्रा?” असं विचारत होता. चित्रलेखाने पुन्हा एकदा माणसं मोजली आणि नाइलाजाने निमकरांच्या शेजारी बसली.

“मागे जागा आहे हो भरपूर,” ती म्हणाली.

“मागचं पुरे झालं. मिरजेला रेल्वेत होतो मी. मालगाडीचा गार्ड. सगळी नोकरी शेवटच्या डब्यात काढली. कुठलंही गाव असो, ते गेल्यावरच दिसायचं. आता म्हटलं, येताना कसं दिसतं ते बघू.”

चित्रलेखाला हसू आलं. टूरवर ती फारशी हसत नसे. तिला वेळच नसे.

मेलबर्नच्या वेरिबी उपनगरात तिला सगळे ‘टूरवाल्या चित्राताई’ म्हणून ओळखत. नवरा गेल्यावर रिकामं घर खायला उठायचं, म्हणून तिने ज्येष्ठांच्या सहली काढायला सुरुवात केली होती. ऑस्ट्रेलियात मुलांकडे राहणारे आई-वडील दिवसभर घरात बसून कंटाळलेले असत. त्यांना मराठीत बोलणारी, कुकरचा भात मिळवून देणारी, गुडघेदुखीची गोळी जवळ ठेवणारी बाई हवी असे. चित्रलेखा व्हिएतनामला अनेकदा येऊन गेली होती. हॅलाँगच्या खाडीतली बोट, सापा गावाजवळच्या डोंगरातली भातशेती, होई आनचे कंदील, सगळं तिला पाठ होतं. पण हे सगळं तिने पाहिलं होतं ते बाथरूम कुठे आहे, पायऱ्या किती उंच आहेत आणि कोण मागे राहिलंय, अशाच नजरेने.

निमकर एकटेच आले होते. बायको मिरजेतच गेली. मुलगा हृषिकेश मेलबर्नच्याच दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला राहायचा. त्याने वडिलांना आणलं आणि वाढदिवसाची भेट म्हणून या टूरवर पाठवलं. “घरात सगळे चांगले आहेत,” निमकर म्हणाले, “पण सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. नात इंग्रजीत बोलते. मी ‘यस, यस’ म्हणतो. मग ती हसते आणि मीही हसतो.”

सापा गावाच्या खाली, ह्मोंग आदिवासींच्या एका खेड्यात त्यांचा मुक्काम होता. लाकडी घर, खाली मातीची जमीन, वर माळ्यावर गाद्या. धुकं असं दाट होतं की समोरची भातखाचरं मधूनच दिसायची आणि नाहीशी व्हायची. मंडळींची कुरकुर सुरू झाली. वीणाताईंना संडास लांब होता, कुणाला गादी पातळ होती, कुणाला मिरचीचा ठेचाच हवा होता. चित्रलेखा एकेकाची समजूत काढत फिरत होती. निमकर तेवढे कुठे दिसेनात.

ते सापडले स्वयंपाकघरात. घरमालकीण चुलीपुढे बसून भाजी निवडत होती, आणि समोरच्या बुटक्या स्टुलावर बसून निमकरही निवडत होते. निळीत कापड रंगवून बाईचे हात मनगटापर्यंत निळे झाले होते. दोघंही आपापल्या भाषेत बोलत होती आणि कुणाचंच अडत नव्हतं.

“अहो, सगळं गाव शोधलं मी तुम्हाला!”

“सापडलो ना? बसा आता. दोन मिनिटं कुणाचं काही बिघडत नाही.”

ती बसली. बाईने तिच्यापुढेही भाजीची जुडी सरकवली आणि दाराशी उभ्या असलेल्या तुआनला काहीतरी विचारलं. तुआन संकोचून म्हणाला, “मॅडम, शी आस्क, यू टू... हाउ मेनी चिल्ड्रन?”

“नो, नो! नॉट हजबंड!” चित्रलेखा एकदम म्हणाली. तुआनने ते सांगितलं. बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि भाजीत डोकं घालून एकच वाक्य बोलली.

“काय म्हणाली?” निमकरांनी विचारलं.

“शी सेज... देन, व्हेन?”

निमकर इतके हसले की त्यांना ठसका लागला. चित्रलेखा पाणी आणायच्या निमित्ताने उठली. बाहेर धुक्यात थोडा वेळ तशीच उभी राहिली. गाल गरम झाले होते. या वयात असं काही होतं, याचीच तिला लाज वाटली.

पुढे बस दक्षिणेकडे निघाली तेव्हा शेजारची सीट कुणाची, हे कुणी विचारेनासं झालं. निमकरांनी ‘चित्राताई’तला ताई कधी गाळला ते तिच्याही लक्षात आलं नाही. ते तिला पूर्ण नावाने हाक मारत. चित्रलेखा. तिचा नवराही तिला ‘अगं’ म्हणायचा.

होई आनला पोहोचेपर्यंत व्हायरसच्या बातम्या वाढल्या होत्या. हॉटेलचा स्टाफ मास्क लावून फिरत होता. मेलबर्नहून मुलांचे फोन येत होते. परतीच्या फ्लाइटचं काय, म्हणून जो तो तिला विचारत होता. त्या संध्याकाळी समुद्रावर मंडळी नारळपाणी पीत बसली असताना निमकर तिच्यासोबत पाण्याच्या कडेने चालत लांब आले. गोल टोपल्यांसारख्या होड्या वाळूवर पालथ्या घातल्या होत्या.

“चित्रलेखा, सरळ विचारतो. मला फिरवून बोलता येत नाही. आपण एकत्र राहायचं का?”

तिने मागे वळून पाहिलं. वीणाताई इकडेच बघत होत्या.

“इथे नको हा विषय,” ती म्हणाली. “ग्रुप आहे. मेलबर्नला गेल्यावर बोलू.”

“बोलू. पण नाही म्हणाला नाहीत, हे मी लक्षात ठेवतो.”

मेलबर्नला पोहोचल्यावर काही आठवड्यांतच सगळं बंद झालं. पुढच्या टूर रद्द करण्यात चित्रलेखाचे दिवस गेले. दुपारी मात्र निमकरांचा फोन ठरलेला. मुलगा आणि सून मैथिली घरूनच काम करायचे, नातीची शाळा लॅपटॉपवर. त्यामुळे घरात कुठेच मोकळं बोलता यायचं नाही. निमकर जॅकेट घालून गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसत आणि तिथून बोलत.

जूनमध्ये निर्बंध सैल झाले. कॅफे उघडले, लोकांकडे जायला परवानगी मिळाली.

“रविवारी चहाला या,” निमकर म्हणाले. “हृषिकेशला सांगतो. तो चांगला मुलगा आहे. दचकेल थोडा, पण समजून घेईल.”

“इतकी घाई कशाला?”

“घाई? अहो, मी एकोणसत्तर वर्षांचा आहे!”

“तुम्हाला कळत नाही. माझा हा धंदा विश्वासावर चालतो. लोक आपले आई-वडील माझ्यावर सोपवतात. उद्या म्हणतील, बाई टूर काढते की स्थळं बघते? आणि यतिनला काय सांगू? मुलगा आहे माझा.”

“यतिन सिडनीला असतो ना? महिन्यातून एकदा फोन करतो, तुम्हीच म्हणालात.”

ते खरं होतं, म्हणूनच तिला राग आला. “दिवाळीनंतर बघू,” असं म्हणून तिने विषय मिटवला.

तरी त्या रविवारी ती निघाली. नारळाच्या वड्या केल्या, डबा भरला, बऱ्याच दिवसांनी कानात मोत्याच्या कुड्या घातल्या आणि रिंग रोडने क्रेगीबर्नपर्यंत गेली. निमकरांच्या घराजवळच्या शॉपिंग सेंटरच्या कार पार्कमध्ये गाडी लावून तिने त्यांना फोन केला.

“काय करताय?” तिने विचारलं.

“गॅरेजमध्ये बसलोय. तुम्ही?”

समोर ट्रॉली ढकलत एक मराठी जोडपं चाललं होतं. तिच्या ओळखीचं नव्हतं, पण बाईने गाडीकडे पाहिल्यासारखं वाटलं.

“मी घरीच आहे,” चित्रलेखा म्हणाली. “सहज केला फोन.”

“गारठा आहे आज. पायात मोजे घाला.”

वड्यांचा डबा तिने शेजारच्या सीटवरून उचलून खाली ठेवला आणि गाडी वळवली.

जुलैमध्ये मेलबर्न पुन्हा बंद झालं. त्याच सुमारास निमकर ड्राइव्ह-वेवर घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. चालता येईपर्यंत त्यांना जवळच्याच एका एज्ड केअरमध्ये, वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात ठेवलं. तिथून ते फोन करत, पण आवाज थकलेला असे.

“खिडकीतून काय दिसतं?” ती विचारायची.

“गाड्या. जाताना दिसतात,” ते म्हणायचे.

ऑगस्टच्या सुरुवातीला फोन लागेनासा झाला. बातम्यांमध्ये कोविड शिरलेल्या एज्ड केअरची नावं रोज वाढत होती. चित्रलेखाने दोन दिवस कळ काढली आणि मग तिथेच फोन केला.

“आर यू फॅमिली?” पलीकडच्या बाईने विचारलं. आवाज दमलेला, पण प्रेमळ होता.

“फ्रेंड,” चित्रलेखा म्हणाली.

“सॉरी, लव्ह. आय कॅन ओन्ली टॉक टू फॅमिली. कॅन यू आस्क हिज सन?”

मुलाचा नंबर तिच्याकडे होता. टूरच्या वेळी इमर्जन्सीसाठी घेतलेला. तिने तो काढला, बघितला. काय म्हणून विचारायचं? कोण म्हणून? टूर संपून महिने झाले होते. उद्या करू, असं तिने ठरवलं.

बातमी आली ती टूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. वीणाताईंनी लिहिलं होतं: ‘आपले निमकरकाका काल कोविडने गेले. फार वाईट झालं. ओम शांती.’ खाली एकामागून एक हात जोडलेले इमोजी येत गेले. शेवटी शेवटी ग्रुपमधल्या कुणीतरी विचारलं, ‘चित्राताईंना कळलं का?’

तेव्हा चित्रलेखानेही हात जोडलेले पाठवले. मग फोन पालथा ठेवला आणि पदराचं टोक तोंडात धरून ती रडली. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी आवाज बाहेर पडू नये असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“हाय, इज दिस द व्हिएतनाम टूर आंटी? मी शिवांगी. आजोबांची नात.” मुलीचा आवाज चोंदलेला होता. “बाबाने नंबर दिला. फ्युनरलला फक्त टेन पीपल अलाउड आहेत, सो लाइव्हस्ट्रीम करतोय. मी स्लाइडशो करतेय. तुमच्याकडे आजोबांचे पिक्स आहेत का? लाइक, गुड ओन्स? आमच्याकडे सगळ्यात ते मागे उभे आहेत.”

“आहेत,” चित्रलेखा म्हणाली. “पाठवते हं, बाळ.”

“थँक्यू सो मच. ते ट्रिपबद्दल खूप बोलायचे, यू नो. मला मराठी सगळं कळायचं नाही.” मग ती म्हणाली, “आय शुड हॅव आस्क्ड.”

चित्रलेखाला तिला काहीतरी सांगावंसं वाटलं. पण आजोबा नुकतेच गेलेल्या त्या पोरीला आत्ता काय सांगायचं, आणि कुठून सुरुवात करायची? “जप गं,” एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

तुआनने काढलेले दोघांचे एकत्र फोटो होते. ते तिने बाजूला ठेवले. जे तिने स्वतः काढले होते, ज्यात निमकर एकटेच होते, तेवढे पाठवले.

फ्युनरलच्या दिवशी तिने फिकट सुती साडी नेसली आणि डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. पडद्यावर एक हॉल दिसला. लांब लांब मांडलेल्या खुर्च्या, मास्क लावलेली माणसं. हृषिकेश वडिलांबद्दल बोलला. नोकरी, आईचं आजारपण, त्यांनी कधी कशाची तक्रार केली नाही, वगैरे. चांगलं बोलला. शेवटी म्हणाला, “बाबा एकटे होते हो. आम्ही होतो, पण एकटेच होते.”

चित्रलेखाचा हात तोंडावर गेला.

मग स्लाइडशो सुरू झाला. मिरजेचे जुने फोटो, लग्नातला, हृषिकेशच्या मुंजीतला. आणि नंतर होई आनचा बाजार. निमकरांनी मासे छापलेला, भडक निळा हाफ शर्ट अंगावर धरला होता. तोंड अर्धवट उघडं, डोळे थेट समोर. पाठीमागून शिवांगीचा आवाज आला, “दिस वन इज माय फेव्हरिट. ही लुक्स सो हॅपी. ते कुणालातरी काहीतरी विचारतायत.”

ते विचारत होते, “हसू नका, सांगा, कसा दिसतोय?” आणि त्या दिवशी मोबाइल खाली करत तिने म्हटलं होतं, “चला लवकर, बस थांबलीय.”

“छान दिसताय,” चित्रलेखा म्हणाली.

फोटो बदलला. आता निमकर नातीच्या वाढदिवसाच्या केकमागे, सगळ्यांच्या शेवटी उभे होते.