पास्टरांचा वाढलेला पाय

त्या दिवशी हरसूलच्या बाजारात भाजीवाल्यांना गिऱ्हाईक उरले नव्हते. सगळी गर्दी आमच्या चर्चसमोरच्या मंडपात. वांगीसुद्धा टोपलीतून उठून मंडपात आली होती, असे मी सांगत असतो. त्यातले वांग्यांचे तेवढे खोटे आहे.

स्टेजवरच्या खुर्चीत नवसाबाई पाय लांब करून बसली होती. खुब्याच्या टीबीने तिचा डावा पाय दोन बोटे आखूड झालेला. समोर गुडघ्यांवर ब्रदर यादव, गावोगाव प्रार्थनेने रोग बरे करत हिंडणारे. पांढरा कोट, गळ्यात माइक, दोन्ही हातांत तिचे दोन्ही बूट.

"डोळे मिटू नका, भाईलोक. बघा. देवाच्या कारखान्यात स्पेअर पार्ट कमी नाहीत. निकल बेटा, निकल."

आणि डावा बूट हळूहळू पुढे सरकला. दोन्ही तळवे एका रेषेत आले. ढोलकी वाजली, बायका रडल्या, बुधाने, म्हणजे नवसाबाईच्या नवऱ्याने, टोपी काढून छातीशी धरली.

आता बुटांचे सांगतो. आमच्याकडे उपासनेला चपला दाराबाहेर राहतात. सतरंजीवर सगळे अनवाणी, पास्टरही. त्या दिवशी मात्र ब्रदरांनी नियम फिरवला होता. आजाऱ्याने बूट घालूनच बसायचे. नवसाबाईच्या पायाला जन्मात बूट लागलेला नव्हता. हा जोड ब्रदरांच्या पेटीतून निघाला. कॅनव्हासचा, जरा मोठाच.

म्हाताऱ्या अक्काबाईने विचारले होते, "प्रार्थनेत बूट? मोशेला तर देवानं जोडे काढायला लावलं."

"मोशे लंगडा नव्हता, माई," ब्रदर म्हणाले, आणि मंडप हसला. मीही हसलो. उत्तर चांगले होते.

नवसाबाई उठली आणि लंगडत खाली आली. ब्रदरांना त्याचे काही वाटले नाही. "पाय वाढला, सवय वाढायची आहे. शंका धरली तर पाय मागे जाईल. दवाखान्याची गोळी म्हणजे शंकाच."

मग आमचे पास्टर सुनील उजागरे साक्ष द्यायला उठले. हे सायखेड्याचे. पोरवयात खेळताना डावा पाय मोडला, वाकडा जुळून आखूड राहिला. नाशिकच्या एका मेळाव्यात याच ब्रदरांनी तो वाढवला, आणि पोराने तिथेच आयुष्य प्रभूला दिले. आयटीआय सोडून बायबल कॉलेज, मग आमचे डोंगर. दर नाताळाला ही साक्ष व्हायची, आणि तेव्हा त्यांचा आवाज कापायचा. ती साक्ष द्यायला पास्टर स्टेजच्या पायऱ्या चढले, ते डावीकडे झुकत, लंगडत. नेहमीसारखेच. आणि आम्ही सगळ्यांनी नेहमीसारखेच नजर चुकवून वर मंडपाच्या पत्र्याकडे पाहिले.

ब्रदर जीपमधून गेले. बूटही गेले.

पुढच्या आठवड्यात मी पास्टरांच्या ओट्यावर चहा पीत होतो. ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून मी या चर्चच्या मंडळीचा पंच, आणि पंचाचे मुख्य काम चहा. तेवढ्यात पास्टरांची बायको ज्योत्स्ना आली. ती इथल्या आरोग्य केंद्रात नर्स. पिशवी खाली न ठेवताच म्हणाली,

"नवसाबाईनं टीबीच्या गोळ्या सोडल्या. पाड्यावर जाऊन आले. अंगात ताप आहे, खुबा ठणकतोय. बुधा म्हणतो, गोळी घेतली तर पाय मागं जाईल."

"मी तिच्यासाठी प्रार्थना करतो," पास्टर म्हणाले.

"करा. पण आधी तिला गोळी घ्यायला सांगा. बुधा म्हणाला, पास्टर बी बिनगोळीचाच बरा झाला ना. सिस्टर, तुमच्याच घरात हाय तो पाय."

"मी कसं सांगू, ज्योत्स्ना? मला खरंच मिळालंय. चालण्याची सवय तेवढी..."

ती आत गेली आणि दोरीवरची त्यांची पँट घेऊन आली. शिवण माझ्यासमोरच पसरली. "लग्नापासून तुमच्या पँटचा डावा पाय मी दोन बोटं जास्त दुमडते. सवय तुम्हाला असेल. पँटला सवय नसते."

मी कपात पाहिले. चहा संपला होता, तरी पाहत राहिलो.

"मग तो बूट पुढं कसा सरकला?" पास्टरांनी फार हळू विचारले.

"काका, पाय लांब करा," ती मला म्हणाली. तिने माझा सैल बूट धरला, टाचेकडून बोटांनी पुढे ओढला. टाच आत जागच्या जागी. बूट तेवढा पुढे आला. तळवे पाहणाऱ्याला पाय वाढलेला दिसावा. "उठताना टाच परत खाली बसते. तोवर ढोलकी सुरू झालेली असते. म्हणून बूट लागतात. अनवाणी पायाला ओढून काय करणार?"

माझा पाय आयुष्यात पहिल्यांदा वाढला, आणि मला जराही आनंद झाला नाही.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"देवानं तुम्हाला बोलावलंय, हे तुमचं पाचारण त्या पायावर उभं होतं. काढून घेतला तर पडाल, असं वाटायचं." तिने पँटची घडी घातली. "चुकलंच माझं."

रविवारी पास्टरांनी प्रवचन केले नाही. वेदीपुढे खुर्ची ठेवली, मंडळीकडे तोंड करून बसले आणि अनवाणी पाय पुढे केले. डावी टाच मागेच राहिली. मग बुटाची युक्ती जशीच्या तशी सांगितली. कान लाल झाले होते. चेहरा वर करवत नव्हता.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला ते खरं वाटत होतं, पण पाय रोज माझ्याजवळच होता. पाहिला असता तर दिसला असता."

अक्काबाई म्हणाली, "पास्टर, आमाला पहिल्या दिसापासून दिसत व्हतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी लय मनापासून बोलायचे. लाज वाटायची तुमाला लाजवायची."

त्यावर सगळ्या माना खाली गेल्या. माझीही.

"तुमची लाज आणि माझी श्रद्धा," पास्टर म्हणाले, "दोन्ही मिळून नवसाबाईच्या गोळ्या बंद झाल्या. प्रार्थना करा, मीही करतो. पण औषध सोडायला लावणाऱ्याचं ऐकू नका, तो माझा कोट घालून आला तरी. चमत्कार दाखवील त्याला म्हणा, बूट काढून दाखव. आणि डोळ्यांना दिसतं ते तोंडानं बोला. मला पास्टर ठेवायचं की नाही, तेही तोंडानंच सांगा."

ज्योत्स्ना पेला आणि गोळ्या घेऊन नवसाबाईपाशी गेली. नवसाबाईने गोळ्यांकडे पाहिले. "यांनी पाय वाढंल?"

"नाही वाढणार. ताप जाईल, ठणका जाईल. तू जगशील."

"ब्रदर वाढवत तरी व्हता," नवसाबाई म्हणाली, आणि गोळ्या गिळल्या.

बुधा उठला. "पास्टर, तुमी ऱ्हा. साक्ष तेवढी बदला."

उपासना सुटली. पास्टर नवसाबाईला बैलगाडीपर्यंत सोडायला निघाले. दोघेही डावीकडे झुकत, लंगडत चालले होते. त्या दिवशी पत्र्याकडे कोणी पाहिले नाही.