दुसऱ्याच्या नावाचा रेडिओ

नवऱ्याने जुनी निळी बोट घेतली तेव्हा ती काही बोलली नव्हती. तिची अट एकच होती. रेडिओ आणि तो बंद पडला तर जोडीला दुसरा, हे दोन्ही ती स्वतः बघून घेईल. तोवर टिल्ली बोटीत पाय ठेवणार नाही.

टिल्ली त्यांची चार वर्षांची मुलगी. तरंगायचं केशरी जाकीट घरात आल्यापासून ती ते घालूनच झोपत होती.

"अगं, मोबाइल आहेत ना दोघांकडे," नवरा म्हणाला.

"दोन-चार मैल आत गेलास की मोबाइल मुका. आणि भिजला की कायमचा मुका."

"बोट घेतलीय मी, जहाज नाही."

"बुडायला तेवढी पुरते."

तिच्या काळजीची त्याला सवय होती. पाळण्यातल्या लेकीचा श्वास चालू आहे ना, हे ती नाकाखाली बोट धरून बघायची. तेव्हा तो हसायचा, आणि ती खोलीबाहेर गेली की हळूच स्वतःही बघायचा.

बंदराच्या मागच्या गल्लीत रेडिओवाल्याचं दुकान होतं. दुकानात दिवसभर कुठला ना कुठला संच खरखरत असायचा, म्हणून सगळे त्याला खरखरच म्हणत. त्याने दोन संच पुढ्यात मांडले.

"हा मोठा, बोटीत बसवायचा. वापरलेला आहे, पण तब्येतीने ठणठणीत. हे झाकणाखालचं लाल बटण दाबून धरायचं. तुम्ही कोण आणि कुठे, हे तो आपणहून बचाव केंद्राला कळवतो. पण चालतो बोटीच्या बॅटरीवर. बॅटरीत पाणी शिरलं की हा गेला. मग हा हातातला. आवाका कमी, पण बॅटरी स्वतःची, आणि पाण्यात पडला तर तरंगतो."

"झालं समाधान?" नवऱ्याने विचारलं.

"मोठा चालू करून दाखवा," ती म्हणाली.

पडदा उजळला. त्यावर नऊ आकडे उमटले आणि गेले.

"हा नंबर कुणाचा?"

खरखरने मान खाजवली. "ही रेडिओची ओळख असते, ताई. हा... आधीच्या मालकांचा दिसतोय. बदलायचा राहिला."

"म्हणजे आम्ही बटण दाबलं, तर केंद्रात नाव त्यांचं दिसणार?"

"त्यांच्या बोटीचं. पांढरी, शिडाची. आणि फोन जाणार त्यांच्या घरी. जागा तुमची बरोबर दिसेल हो! पण घरच्यांनी सांगितलं की बोट कधीच विकली, तर तो कॉल चुकून लागलाय असंही वाटायचं एखाद्याला."

तिने वळून बघितलं. टिल्ली स्टुलावर बसून बंद संचाचं बटण फिरवत होती.

"या रविवारपुरतं चालवून घेऊ," नवरा म्हणाला. "बटण दाबायची वेळ थोडीच येणारे?"

"येणारच नसेल तर रेडिओ घेतोस कशाला?"

जुनी नोंद रद्द झाल्याचा कागद आला की नवा नंबर घालून देतो, असं खरखर म्हणाला. "पण मालक वारलेत. सही त्यांच्या पत्नीची, बाईंची लागेल. तीनदा निरोप धाडला, त्या देत नाहीत." त्याने वहीतला फोन नंबर वाचून दाखवला.

तिने दुकानाबाहेर येऊन फोन लावला. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत पलीकडून आवाज आला, "कुठून बोलताय?" कोण बोलतंय हे त्या बाईंनी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टिल्लीला घेऊन त्यांच्याकडे गेली. तिसरा मजला, दारासमोर पायपुसणं, आत खिडकीपाशी टेबल. टेबलावर फोन, टोक काढलेली पेन्सिल आणि एक फाइल, बाकी काही नाही. बाई गणिताच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त.

"काकू, तुमच्या सहीसाठी आलेय," ती सरळच म्हणाली. "आमच्या बोटीच्या रेडिओवर अजून तुमच्या बोटीचा नंबर आहे. रविवारी ही पोर त्या बोटीत बसणार आहे."

बाईंनी फाइल उघडली. दर वर्षी केंद्राकडून पत्र यायचं, नोंदीत काही बदल आहे का, असं विचारणारं. सात पत्रं होती. सातही उत्तरांवर बाईंच्या अक्षरात एकच शब्द होता, नाही.

"त्यांच्या नावाने येणारं एवढं एकच पत्र उरलंय," त्या म्हणाल्या. "बँकेने नाव काढलं, वीजवाल्यांनी काढलं. इथे अजून ते बोटीचे मालक आहेत."

टिल्लीने विचारलं, "ते आजोबा बोटीत आहेत?"

"नाही गं बाळा. बोट सापडली, तीत कुणी नव्हतं." बाई टिल्लीकडे बघत बोलल्या, पण ते तिच्यासाठी नव्हतं. "रेडिओ चालू होता. हातातलाही होता, खाली केबिनच्या कपाटात, चार्जरला लावलेला. भिजू नये म्हणून तेच ठेवायचे तिथे. वस्तूंना फार जपायचे."

तिचा हात आपोआप टिल्लीच्या खांद्यावर गेला. हातातला संच केबिनच्या खणात ठेवायचा, असं काल नवऱ्याने ठरवलं होतं. भिजू नये म्हणूनच. आणि रेडिओची एवढी चौकशी करूनही, त्यात काही चुकतंय हे तिला खटकलं नव्हतं.

"अंगावर हवा तो," ती हळूच म्हणाली.

"अंगावर. आणि दोन मोठी माणसं असतील तर दोन."

बाईंनी नोंद रद्द करायचा कागद पुढे ओढला. सही केली. मग त्या बराच वेळ पेनचं टोपण लावत बसल्या.

तिने नव्या नोंदीचा अर्ज सोबत आणला होता. बाईंनी शिक्षिकेच्या नजरेने तो वरपासून खाली तपासला. एका रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. "किनाऱ्यावरची व्यक्ती. हे कोरं का? केंद्र फोन कुणाला करणार?"

"आम्ही तिघंही बोटीत असणार. माझ्या आईला फोन ऐकू येत नाही. भाऊ उचलत नाही."

बाईंनी फोनकडे बघितलं. "मी उचलते," त्या म्हणाल्या.

तिने पेन घेतलं आणि खरखरच्या वहीतला तोच नंबर त्या रकान्यात लिहिला.

कागद शुक्रवारी आला. रविवारी सकाळी धक्क्यावर नवऱ्याच्या जाकिटाला एक छोटा संच लटकला होता, तिच्या जाकिटाला दुसरा. मोठ्याच्या पडद्यावर त्यांचे स्वतःचे नऊ आकडे होते. नवऱ्याने ते मोठ्याने वाचले, टिल्लीने चुकतमाकत पाठोपाठ म्हटले.

तिने फोन लावला.

"काकू, निघतोय. तिघं. बंदरापासून दीपगृहापर्यंत. पाचला परत."

पलीकडे पेन्सिलीचा आवाज झाला. "पाच," बाई म्हणाल्या. "पाच वाजून पाच मिनिटांनी मी फोन करणार."

तिने फोन खिशात टाकला, वाकली, आणि टिल्लीला उचलून बोटीत ठेवलं.