एकाच ठिपक्यावर दोन विहिरी

माले गावातल्या बत्तीस विहिरींचा तक्ता जुईलीला एव्हाना तोंडपाठ झाला होता. विहिरीचा नंबर, मालकाचं नाव, अक्षांश, रेखांश, पाणी किती खोल. दोन हजार सातच्या वैशाखात पाय भाजत हिंडून तिने तो भरला होता. आता पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यातली एकेक ओळ नकाशावर ठिपका होऊन उतरत होती. ठिपके बसले, की मधल्या न मोजलेल्या जमिनीखाली पाणी कुठं असेल याचा अंदाज संगणक शेजारच्या विहिरींवरून बांधणार होता. गावाची नवी विहीर कुठं खणायची, ते पंचायत बुधवारी त्या नकाशावरून ठरवणार होती.

संगणक मात्र अडून बसला. बत्तीस ओळींचे एकतीसच ठिपके.

"चौदा आणि तेवीस एकाच जागी आहेत," दिग्विजय सर म्हणाले. "एकीचं पाणी अकरा मीटरवर, दुसरीचं साडेतीनवर. विहीर आहे की लिफ्ट? वर डोंगराला एवढं पाणी असतं होय? तेवीस उडव."

तेवीस म्हणजे वरच्या वाडीतल्या सारजाबाई. तो ठिपका उडवला, तर नकाशात वाडी कोरडी दिसणार आणि नवी विहीर खालीच होणार. वाडीतली सात घरं सारजाबाईंच्या आडातून दोन-दोन कळश्या नेत. बाकीचं पाणी सुना खालून डोक्यावर वाहत.

जुईलीचा हात माउसवर थांबला. तिला तो सोमवार आठवला. सारजाबाई देवाचं पाणी शेंदत होत्या. "चपला न् ती कातड्याची पिशवी खाली पारावर ठिव, बाय. देवाचं पानी हाय." पिशवीत जीपीएस होता. तिने पारावरच बटण दाबून जागेचे आकडे टिपले आणि नुसती मोजपट्टी घेऊन वर चढली. पाराला लागूनच चौदा नंबरची विहीर होती!

"सर, चूक माझी आहे," ती म्हणाली. "सोमवारी परत जाऊन येते."

"मंगळवारी संध्याकाळपर्यंत नकाशा हवा," एवढंच ते म्हणाले.

सोमवारी सकाळी सारजाबाई आडावरच भेटल्या. "परत आलीस? पट्टी इसरलीस व्हय?"

"नाही आजी. तुमची विहीर मी खाली पारापाशी मांडून ठेवली."

सारजाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "मंग इतकी वरसं मी ह्यो चढ उगाच चढत व्हते की!"

चपला आणि कातडी पिशवी जुईलीने या वेळीही पारावरच ठेवली होती. जीपीएस तेवढा तळहातावर उघडा होता. सारजाबाईंनी धुतलेल्या लुगड्याचा तुकडा त्याच्याखाली घातला. यंत्र गप्प.

"चालंना व्हय?"

"वरचे उपग्रह सापडायला वेळ लागतो, आजी."

"लागू दे. तवर माझी माळ व्हईल."

दोघी उभ्या राहिल्या. सारजाबाईंचे ओठ हलत होते, मणी सरकत होते. आकडे स्थिरावले तेव्हा जुईलीने ते दोनदा लिहून घेतले, आणि माळ पुरी होईपर्यंत जागची हलली नाही.

मंगळवारी तेविसावा ठिपका चौदाव्याला सोडून डोंगरावर चढला. वाडीच्या अंगाला निळा रंग पसरला. सर खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकले. "बरं झालं उडवला नाहीस," म्हणाले.

बुधवारी पंचायतीच्या भिंतीवर नकाशा लागला. सारजाबाईंनी हळूच बोट टेकवलं. "ही माजी?"

"तुमचीच."

"आन् भवतीचं निळं?"

"तिथं खाली पाणी असावं, असा अंदाज आहे."

सरपंच भिवाजींनी चष्मा वर केला. "मंग ईर वरच्या वाडीलाच खनू. खालच्यांना चौदा नंबर हाय की."

सारजाबाईंनी जुईलीच्या गालावरून हात फिरवला आणि बाहेर आल्या. दाराशी त्यांच्या वहाणांजवळ जुईलीच्या चपला होत्या, आणि चपलांवर नीट ठेवलेली कातड्याची पिशवी.

"हितं कशाला काढलीस गं? ही तर कचेरी हाय," त्या म्हणाल्या.

"तुमची विहीर आत होती ना, आजी."