सां लुकासाच्या बैलाचं वशिंड

आचऱ्याच्या कपेलासमोर, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चसमोर, कायतान बैलगाडीत पुतळा चढवत होता आणि धोंडूला काही राहवेना. गाडी त्याची, बैल त्याचे, म्हणजे तोंडही त्याचंच चालणार.

पुतळा सां लुकासाचा. शुभवर्तमान लिहिणाऱ्या चार संतांतला एक, ज्याच्या पायाशी बैल असतो तो. खाऱ्या वाऱ्यानं बैलाची शिंगं गेलेली, रंगाचे पोपडे उडालेले. सावंतवाडीच्या गुरुदास चिताऱ्याकडे तो दुरुस्तीला निघाला होता.

"कायतान, चितारी तुज्या बैलाक वशिंड घालतलो, बघ."

"खुळो काय रे तू? आमच्या संताच्या बैलाक वशिंड नसता!"

कायतान घरातून आज्याच्या वेळचा चित्रांचा गठ्ठाच घेऊन आला. एका चित्रात बैलाला पंख. दुसऱ्यात लुकास मारियामातेची तसबीर रंगवतोय आणि बैल टेबलाखाली कुत्र्यासारखा पसरलाय. तिसऱ्यात बैल संताच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावतोय, जसा काय चुकाच काढतोय.

"चारशे वर्सां लोक काढतत. एकाक तरी वशिंड आसा?"

"काढणारे फिरंगी! आमच्या गुरुदासान वशिंडाशिवाय बैल जन्मात तरी बघल्यान काय?"

झालं, पैज लागली. हरेल त्यानं फेस्ताच्या, म्हणजे संताच्या सणाच्या, मिरवणुकीत गळ्यात बैलाची घुंगुरमाळ घालून हंबरत चालायचं. साक्षीला मासळीवाली हौसाबाई. "चितारी आपल्या मनान काय करता, ता बघूचा," तिनं बजावलं.

धोंडूनं गावातल्या एकूण एकाला कधी ना कधी बनवलं होतं. त्याचं हसं मात्र कुणी केलं नव्हतं. ही अब्रू त्याला बैलजोडीपेक्षा प्यारी. म्हणून चार दिवसांनी राहवेना तेव्हा एस्टी पकडून त्यानं सावंतवाडी गाठली.

गुरुदास बैलाची पाठ घासत बसलेला. म्हणाला, "मुळात पाठ सपाटच दिसता. तशीच ठेवतंय."

धोंडूला पैज हातची जाताना दिसली. पण जीभ कधी अडली होती? "अरे, कायतानाचोच निरोप घेवन इलंय. वशिंड घाल म्हणता. तोंडार सांगूक लाजता तो."

फेस्ताच्या सकाळी पुतळ्यावरचं फडकं निघालं. बैलाला हे एवढं टपोरं वशिंड, वर लाल झूल! कायतानाचं तोंड उतरलं. त्याची म्हातारी आई पिएदाद मात्र पुढे आली, वशिंडावरून हात फिरवून म्हणाली, "आता खंय तो आपलो दिसता!"

धोंडूनं घुंगुरमाळ कायतानापुढे नाचवली. तेवढ्यात फेस्ताला आलेला गुरुदास गर्दीतून पुढे सरकला.

"कायतानबाब, धोंडून तुमचो निरोप आणल्यान म्हणान बरा झाला. नायतर पाठ सपाटच रवली आसती."

"माजो निरोप? कसलो निरोप?"

सगळ्यांच्या माना धोंडूकडे वळल्या. तो आपला माडाचे नारळ मोजत उभा.

"धोंड्या!" हौसाबाई कडाडली. "पैज चिताऱ्याच्या मनाची होती. ह्या वशिंड तुज्या मनातला. घाल माळ!"

कायतानाला हसून हसून उचकी लागली, तरी माळ त्यानं स्वतःच्या हातानं बांधली. ताशा वाजला. धोंडूचं पहिलं हंबरणं शेळीसारखं निघालं.

"माका ऐकाक येणा नाय!" मागून पिएदाद ओरडली.

मग धोंडूनं मान फुगवली, डोळे मिटले आणि असा हंबरला, की गाडीला जुंपलेल्या त्याच्याच बैलांनी ओ दिली.