फुलवंताबाईचा महू

विसरवाडीपासून आत, डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर फुलवंताबाईचा महू, म्हणजे मोहाचं झाड, उभा होता. शेत दिराचं, रूपचंदचं. झाड मात्र तिच्या नवऱ्याच्या वाट्याला आलेलं. इकडे असंच असतं. शेत एकाचं, त्यातला महू दुसऱ्याचा, आणि फुलं झाडवाल्याची. नवरा वारला, बाई येशूच्या मंडळीत गेली. यंदा फुलं गळू लागली तशी रूपचंदनेच पहाटे टोपली घेऊन ती वेचायला सुरुवात केली.

"तू देव सोडा ना वहिनी? मंग झाड बी सुटनं," तो म्हणाला. "तसंबी तुमना येशूले दारू चालत नहीं. महू कसाले पाहिजे?"

"मी लाडू करस. दारू तू करस."

चर्चचे पाळक म्हणाले, सोडून द्या बाई, शांती ठेवा. मंडळीतल्या बायकांनीही माना डोलावल्या. फुलवंताबाईला संताप आला. गरिबाचं हिसकावायचं आणि त्यालाच शांती शिकवायची, ही रीत जुनीच. गप्प बसणं म्हणजे शांती असेल तर दगडाएवढा भक्त नाही. पूर्वीची ती असती तर तिने रूपचंदच्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या आणि पोटात निखारा घेऊन रात्रभर तळमळली असती. तो निखारा येशूने विझवला होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्याने तिची जीभ कापली नव्हती, पायही मोडले नव्हते.

दुसऱ्या पहाटे ती टोपली घेऊन गेली आणि रूपचंदशेजारी बसून वेचू लागली. मग रोजच. तो खेकसायचा, ती वेचायची. रात्री गाढ झोपायची.

एके दिवशी रूपचंदने तिच्या आधी येऊन झाडाखालचा पाला पेटवला. फुलं साफ दिसावीत म्हणून सगळेच पेटवतात, पण आधी भोवतीचं गवत काढून घेतात. याला घाई झालेली. वारा सुटला आणि आग गवतातून थेट त्याच्याच गोठ्याकडे निघाली. बैल आत बांधलेले.

समोरून येणाऱ्या फुलवंताबाईने टोपली टाकली आणि ती गोठ्याकडे पळाली. प्रार्थनेला वेळ नव्हता. तिने गोठ्याच्या कुडात खोचलेल्या कोयत्याने दावी तोडली, बैल बाहेर हाकलले आणि पळसाची हिरवी फांदी घेऊन ती आग झोडपू लागली. शेजारी रूपचंदही झोडपत होता. आग विझली तेव्हा दोघांची तोंडं तव्यासारखी झाली होती.

"तू कसाले उनी वहिनी?" तो धापा टाकत म्हणाला. "जयू देती मन्हा गोठा."

"बैलसनी मन्हं काय बिघाडं?"

तो खाली बसला. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"आग विझाडी म्हनीसन झाड दिन्हं, असं समजू नको. झाड मन्हं शे."

तिच्या चेहऱ्यावर तो राग शोधत होता. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं; परत देता आल्या असत्या. पण ती नुसती उभी होती, आपल्याच अंगणात उभी असावी तशी.

"मंग मी येऊ नको?"

"ये ना. पन इचारीसन ये."

"आनि तू नहीं म्हनशी तं?"

"इचारी तं पाह्य."

त्याने पायाने राख बाजूला ढकलली. मान वर न करताच तो म्हणाला, "वहिनी, सकाय फुलं येचाले येऊ का?"

"ये," फुलवंताबाई म्हणाली आणि आपली टोपली उचलायला वळली. "पाला पेटाडू नको फक्त."