पाहुण्यांनी टाळी वाजवू नये

रंगरावाने जन्मात फुटबॉलचा एकच सामना पाहिला होता, तोही अर्धा. पुण्यात परक्या लोकांच्या घोळक्यात बसून आपल्या बाजूने शिट्टी मारली म्हणून त्याला मध्यंतरालाच हाकलून दिलं होतं. एवढ्या भांडवलावर हा मोशीचा गडी पिंपरीच्या कारखान्यात जाणकार म्हणून मिरवायचा. कॅन्टीनमध्ये त्याचं तोंड बंद व्हायचं ते फक्त भजी खाताना.

कारखान्याचा संघ दिघीला जवानांशी खेळायला निघाला, तेव्हा सोबत गेलेल्या चौदा जणांना त्याने बसमध्येच धडे दिले.

"आपण पाहुणं. पोरगी बघायला गेल्यावर बसतो तसं बसायचं. पसंत पडली तरी मान हलवायची न्हाई, न्हाई पडली तरी तोंड वाकडं करायचं न्हाई. टाळी तर अजिबात न्हाई. फौजी हायेत राव, हातपाय गळ्यात येतील!"

त्यांच्यातला साहेबराव खिडकीकडे तोंड करून हसला. सोयरिकीचे नियम फुटबॉलला लावणारं हे डोकं बघायलाच तिकीट ठेवायला हवं, असं तो शेजाऱ्याला म्हणालाही. साहेबरावला गप्प बसून चालणार नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ भिवा आज पहिल्यांदाच गोलात उभा राहणार होता, आणि निघताना म्हणाला होता, "दादा, तू नुसतं ओरड. तुझा आवाज आला की माझे हात थरथरत न्हाईत." साहेबरावने शब्द दिला होता.

पण मैदानाभोवती जवानांच्या रांगा दिसल्या आणि शहाण्या साहेबरावचाही धीर सुटला. सगळेच हात मांडीखाली दाबून बसले. भिवाने मागे वळून पाहिलं, तेव्हा साहेबराव चपलेचा अंगठा बघत होता. पहिलाच फटका भिवाच्या बोटांतून निसटून गोल झाला.

खेळ संपत आला आणि जवानांना पेनल्टी मिळाली. भिवाने पुन्हा भावाकडे पाहिलं. साहेबरावने तोंड उघडलं, तोच रंगरावाने त्याच्या मांडीला चिमटा काढला. आणि हा वाघ गप्प बसला! ज्याची बसभर टर उडवली, त्याचंच मुकाट्याने ऐकलं. भ्याला, दुसरं काय.

भिवाने झेप घेऊन चेंडू छातीशी आवळला. मैदान दणाणलं. "शाबास कीपर!" म्हणत जवान उभे राहिले, टोप्या उडवू लागले. त्या मैदानावर टाळी न वाजवणारे पंधराच जण होते, आणि ते सगळे भिवाचे.

सामना त्या एका गोलाने गेला. "बगा, कुनाच्या अंगावर ओरखडा तरी हाय का?" रंगराव ऐटीत सांगत फिरत होता. तिकडे जवानांनी भिवाला मधे घेतलं होतं. चहाचा मग त्याच्या हातात देत एक म्हातारा सुभेदार म्हणाला, "घर से कोई देखने नहीं आया, बेटा?"

साहेबराव चार हातांवर उभा होता. भिवाने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"नहीं साब," तो म्हणाला. "कोई नहीं आया."