हाताला आलेली चाल

मित्रांनो, भिंतीतल्या प्लगच्या जिवावर जगणारा मी एक म्हातारा लॅपटॉप. बॅटरीने केव्हाच राम म्हटला. वीज थांबली, की माझा कारभार आटोपला.

उमेदीची वर्षं मी नोएडातल्या एका ऑफिसात काढली. तिथे माझं फार कौतुक व्हायचं. मग नवे लॅपटॉप आले आणि मी कपाटात धूळ खात पडलो. पुढे हवालदार शहाजींनी मला त्यांच्या लेकीसाठी, स्वप्नालीसाठी, दिल्ली छावणीतल्या क्वार्टरमध्ये आणलं. तिने माझ्यात गाणी तयार करायचं सॉफ्टवेअर घातलं आणि पेटीसारख्या पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड जोडला. म्हातारपणी माझं नशीब फळफळलं.

त्या सॉफ्टवेअरची एक खुबी आहे. रेकॉर्डिंग सुरू नसतानाही कुणी सहज काही वाजवलं, तर ते मी मनात धरून ठेवतो. नंतर एक बटण दाबलं, की जसंच्या तसं हाती येतं. तोवर मी चालू मात्र राहायला हवा.

त्या सकाळी शहाजींची सुट्टी संपली होती. सीमेवर परतायचं होतं. मायलेकी स्वयंपाकघरात त्यांची शिदोरी बांधत होत्या. वर्दीतले शहाजी कॅबची वाट बघत माझ्यासमोर टेकले आणि कीबोर्डवर बोटं फिरवू लागले. गावच्या भजनात पेटी वाजवलेला हात तो. पण हे भजन नव्हतं. फार गोड आणि फार उदास असं काहीतरी होतं. स्वयंपाकघरातला आवाज थांबला.

“पप्पा, हे कुठलं?” स्वप्नालीने आतूनच विचारलं.

“कुठलं नाही गं. असंच आलं हाताला.”

तिने पुन्हा वाजवायला सांगितलं. त्यांनी खूप प्रयत्न केला, पण ती चाल काही केल्या येईना.

“टेन्शन नका घेऊ. लॅपटॉपने पकडलंय. तुम्हाला स्टेशनवर सोडून आले की काढते.”

एवढ्यात कॅब आली. मायलेकी सामान घेऊन बाहेर पडल्या. घराबाहेर पडताना शहाजी नेहमी सगळीकडे एक फेरी मारत. त्यांनी गॅस पाहिला, नळ पाहिला, पंखा बंद केला. मग त्यांचा हात माझ्या स्विचकडे आला. मी काय करणार होतो? मला दोन स्पीकर आहेत, पण स्वतःहून हाक मारता येत नाही.

परत आल्यावर स्वप्नालीला माझा स्विच बंद केलेला दिसला. तिने मला सुरू केलं आणि ते बटण दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं. माझ्यात काहीच नव्हतं. ती डोकं टेकवून रडली आणि मला तिचे डोळेही पुसता आले नाहीत.

संध्याकाळी गाडीतून शहाजींचा फोन आला. चाल निघाली का, असं ते विचारत होते.

“लाइट गेली होती, पप्पा,” ती म्हणाली.

“अच्छा. जाऊ दे. तू ऐकलीस ना, बस.”

मित्रांनो, तुमच्या माणसाला काही सुचलं, तर ते माझ्या भरवशावर सोडू नका. आधी जपून ठेवा, मग त्याला निरोप द्यायला निघा. स्वप्नाली अजून रोज कीबोर्डवर ती चाल शोधते. दोन सूर जुळतात, तिसऱ्याला ती अडते. आणि मला तर पहिलाही आठवत नाही.